पस्तीस फुटांचा संसार

भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. या साहसाची वाट जगात प्रथम आखली ती कॅप्टन जोशुआ स्लोकम यांनी, १८९८ मध्ये. एकाकी दर्यावर्दी म्हणूनच इतिहास त्यांना ओळखतो. मात्र त्यांच्या सागरी आयुष्याचा मोठा काळ सहकुटुंब गेला होता, हे फारसे कुणाच्या लक्षात राहिलेले नाही.

स्लोकम यांचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतात झाला. वडील बूट बनवीत. त्या कामात मुलाचे मन रमले नाही. कोवळ्या वयातच त्याने घर सोडले आणि खलाशापासून सुरुवात करून जहाजाच्या कप्तानपदापर्यंत मजल मारली. १८७१ मध्ये सिडनी येथे व्हर्जिनिया वॉकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नववधूने माहेरचा उंबरठा ओलांडला तो थेट जहाजावर. पुढील तेरा वर्षे जहाज हेच त्यांचे घर होते. मुलांचे जन्म, त्यांचे शिक्षण आणि काही मुलांचे मृत्यूही याच भटक्या संसाराने पाहिले. १८८४ मध्ये ब्युनोस आयर्स येथे ‘अक्विडनेक’ या जहाजावर व्हर्जिनिया यांचे निधन झाले. त्या अवघ्या चौतीस वर्षांच्या होत्या.

दोन वर्षांनी स्लोकम यांनी नात्यातल्याच हेन्रिएटा उर्फ हेटी इलियट यांच्याशी दुसरा विवाह केला. ते बेचाळीस वर्षांचे, तर वधू चोवीस वर्षांची. लग्नानंतर काही दिवसांतच हे दाम्पत्य ‘अक्विडनेक’वरून दक्षिण अमेरिकेकडे निघाले. पहिल्या पत्नीच्या मुलांपैकी मोठा व्हिक्टर आणि धाकटा गारफिल्ड सोबत होते. या सफरीत संकटांची मालिकाच सुरू झाली. वादळ, कॉलऱ्यामुळे बंद झालेली बंदरे, खलाशांमध्ये पसरलेला देवीचा रोग आणि जहाजावरचे बंड. त्या झटापटीत स्लोकम यांच्या गोळीने एक खलाशी ठार झाला. स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. अखेर १८८७ च्या डिसेंबरात ब्राझीलमधील पारानाग्वाच्या उपसागरात जहाज वाळूच्या पट्ट्यावर रुतले आणि फुटले. होते नव्हते ते सारे त्यात गेले.

परक्या देशात अडकलेल्या या कुटुंबापुढे घरी परतण्याचा प्रश्न उभा राहिला. स्लोकम यांनी फुटक्या जहाजावरची हत्यारे गोळा केली, जंगलातले लाकूड आणले आणि पस्तीस फूट लांब, साडेसात फूट रुंद अशी नौका बांधावयास घेतली. खिळ्यांखाली चकत्या म्हणून तांब्याची नाणी वापरली. शिडांची धाटणी चिनी पद्धतीची ठेवली. ती शिडे हेटी यांनी स्वतः शिवली. १३ मे १८८८ रोजी नौका पाण्यात उतरली. त्याच दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द झाली, म्हणून नौकेचे नाव पडले ‘लिबरदादे’, म्हणजे स्वातंत्र्य.

२४ जूनला चौघांनी किनारा सोडला. प्रारंभीच्याच वादळात हेटी यांनी शिवलेली शिडे फाटली. सांतोसपासून रिओपर्यंत एका आगबोटीने नौका ओढून नेली. हेटी आणि सात वर्षांचा गारफिल्ड तेवढ्यापुरते आगबोटीवर गेले. स्लोकम सुकाणूवर बसले आणि सोळा वर्षांचा व्हिक्टर कुऱ्हाड घेऊन नाळेवर उभा राहिला. नौका बुडू लागल्यास दोरखंड तोडण्याची जबाबदारी त्याची होती. पुढचा प्रवास बाहिया, पेर्नांबुको, बार्बाडोस, पोर्तो रिको अशा उष्ण किनाऱ्यांलगत आणि बेटांमधून झाला. वाटेत एका देवमाशाचा धक्काही नौकेला बसला. तीन फूट खोल नौकेत स्वयंपाक, निजणे, भिजणे आणि वाळणे सारे एकत्रच. साडेपाच हजार मैल कापून ऑक्टोबरअखेर ती अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना किनाऱ्याला लागली आणि डिसेंबरात राजधानी वॉशिंग्टनला पोहोचली.

या प्रवासाने पतीपत्नींना दोन वेगळे धडे दिले. लहानशी नौकाही महासागर पार करू शकते, हे स्लोकम यांना उमगले. हेटी यांना मात्र समुद्र पुरेसा कळला होता. त्या पुन्हा कधी पतीसोबत दूरच्या सफरीवर गेल्या नाहीत. आगबोटींच्या युगात शिडाच्या जहाजांचे कप्तान बेकार होऊ लागले होते. स्लोकम यांनी ‘स्प्रे’ नावाची मोडकी नौका स्वतःच्या हातांनी नव्याने उभी केली, १८९५ च्या एप्रिलमध्ये बोस्टनहून एकट्यानेच प्रयाण केले आणि ४६ हजार मैलांहून अधिक अंतर कापून जून १८९८ मध्ये ते परतले. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९०० मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले.

कीर्ती आली, पण संसार जुळला नाही. मार्थाज व्हिनयार्ड बेटावर त्यांनी शेत घेतले, तेथे हेटी रमल्या. कप्तान मात्र हिवाळा आला की कॅरिबियन समुद्राकडे वळत. अशाच एका प्रस्थानानंतर ते आणि ‘स्प्रे’ कायमचे नाहीसे झाले. १९२४ मध्ये कायद्याने त्यांना मृत ठरविले.

एकट्याने जग जिंकणाऱ्या या माणसाच्या चरित्रात दोन स्त्रियांची पाने आहेत. एकीने समुद्रालाच घर मानले आणि तेथेच देह ठेवला. दुसरीने संकटकाळी शिडे शिवून कुटुंबाला घराकडे नेण्यास हातभार लावला आणि मग जमिनीवरच राहण्याचा आपला हक्क बजावला. ‘स्प्रे’चा पराक्रम आठवताना ‘लिबरदादे’च्या त्या शिडांची आठवणही ठेवावयास हवी.