डॉ. भाऊ दाजी आणि महारोगावरील गुप्त औषध

रामकृष्ण विठ्ठल लाड या नावाने त्यांना ओळखणारे विरळाच; भाऊ दाजी म्हटले की संशोधक, सुधारक आणि गरिबांचा वैद्य अशी मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. गोव्यातील मांद्रे हे त्यांचे जन्मगाव. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. कालिदासाच्या कालनिर्णयापासून प्राचीन शिलालेखांपर्यंत त्यांचा व्यासंग पसरलेला होता. १८६२ च्या महाराज लायबल खटल्यात त्यांनी डॉक्टर या नात्याने दिलेली निर्भीड साक्ष तर पुष्कळांना अप्रिय झाली.

परंतु वैद्य म्हणून त्यांच्याभोवती खरे वादळ उठले ते महारोगामुळे. हा रोग असाध्य अशीच तेव्हाची समजूत होती. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १८६७ च्या अहवालात तो संसर्गजन्य नसल्याचा निर्वाळा दिला होता. अशा काळात एका देशी वनस्पतीने रोगी सुधारतात, असे भाऊ दाजी सांगू लागले. दूरदूरचे रुग्ण त्यांच्या दारी आले. कित्येकांना उतार पडल्याचे दिसले. औषध कोणते, हे मात्र त्यांनी उघड केले नाही.

येथेच व्यवसायबंधूंचा आक्षेप होता, आणि तो गैर नव्हता. ज्याचे घटक इतरांना ठाऊक नाहीत, त्याची पारख कोणी करावी? शिवाय या रोगाचा जोर कधीकधी आपोआपही ओसरतो. तेव्हा उतार औषधाचा की निसर्गाचा, हे ठरवायला तुलनेसाठी दुसरे रुग्ण हवेत. तशी शिस्त त्या काळी वैद्यकात रुळलेली नव्हती, हेही खरे. तथापि शिलालेखाचे एकेक अक्षर विद्वानांपुढे तपासणीस ठेवणाऱ्या पुरुषाने औषधाच्या बाबतीत मौन धरावे, हे कोडेच आहे.

१८६५ च्या शेअरबाजाराच्या कोसळण्याने त्यांची संपत्ती गेलीच होती. मे १८७४ मध्ये देहही पडला. बंधू डॉ. नारायण दाजीही लवकरच गेले.

ते औषध म्हणजे कोकणात व सह्याद्रीत आढळणाऱ्या कडू कवठीच्या बियांचे तेल होते. याच कुळातील चालमोगरा तेलाचा उपयोग विसाव्या शतकात जगभर झाला. पण ते पोटात घेतल्यास मळमळ असह्य होई आणि गुण खात्रीचा नसे. १८७३ साली नॉर्वेच्या हान्सेनने या रोगाचा जंतू पाहिला होता. त्यावर प्रभावी ठरलेली सल्फोन औषधे १९४० च्या दशकात आली, आणि तेलाचा वापर मागे पडला.