जन्मानेच खलनायक? गेममधलं ‘अलाइनमेंट’ आणि ज्ञानेश्वरांचा मोक्षपट

डिजिटल डेस्क, गंगाखेड (जि. परभणी) : फँटसी रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्यांना ‘अलाइनमेंट’ हा शब्द नवा नाही. तुमचं पात्र चांगलं की वाईट, नियम पाळणारं की मोडणारं, हे त्यावरून कळतं. पण हा शिक्का जन्मावरून मारायचा की वागण्यावरून? या खेळांत हा वाद अनेक वर्षं रंगला. तेराव्या शतकात गोदाकाठच्या एका मुलाला याच प्रश्नाला सामोरं जावं लागलं. तो मुलगा म्हणजे संत ज्ञानेश्वर. सापशिडीचं जुनं रूप असलेल्या मोक्षपटाचं श्रेयही परंपरा त्यांनाच देते.

अलाइनमेंट आलं कुठून?

१९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला. सुरुवातीला त्यात तीनच गट होते : शिस्तीचे, तटस्थ आणि अराजकी. पुढे चांगलं-वाईट ही दुसरी मोजपट्टी जोडली गेली आणि नऊ प्रकार झाले. अडचण एकच होती. ऑर्कसारख्या जमाती सरसकट दुष्ट धरल्या जात. २०२० मध्ये ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने ऑर्क आणि ड्राउ यांचं चित्रण बदलत असल्याचं जाहीर केलं.

ज्ञानेश्वरांवर कोणता शिक्का होता?

संन्याशाची पोरं, हा. वडील विठ्ठलपंत काशीला संन्यास घेऊन गुरूंच्या आज्ञेने संसारात परतले. त्यानंतर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार मुलं झाली. ज्ञानदेवांचा जन्म १२७५ चा, पैठणजवळच्या आपेगावातला मानतात. कुटुंब वाळीत पडलं, मुलांच्या मुंजी अडल्या. धर्मपंडितांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि आईवडिलांनी जलसमाधी घेतली, असं चरित्रकथा सांगतात. तरीही मुलांची सुटका झाली नाही. शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणला जावं लागलं. रेड्याच्या मुखी वेद वदवल्याची प्रसिद्ध कथा याच प्रसंगातली. त्या मुलांचा स्वतःचा दोष एकही नव्हता.

मग ज्ञानेश्वरांनी काय केलं?

१२९० मध्ये नेवाशात, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, त्यांनी गीतेवरची ज्ञानेश्वरी सांगितली, तीही सामान्यांच्या मराठीत. तिच्या शेवटी पसायदान येतं. ज्याचं बालपण समाजाने हिरावून घेतलं, त्याने तिथे दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्या मनातला वाकडेपणा जावा आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागावी, एवढंच मागितलं. गेमच्या भाषेत सांगायचं, तर शत्रूला संपवायचं नाही, त्याचं अलाइनमेंट बदलायचं. १२९६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्यांनी आळंदीला समाधी घेतली.

मोक्षपट कसा खेळत?

कवड्या टाकून. पटावरच्या घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावं असत. सद्गुणाच्या घरातून शिडी वर नेई, दुर्गुणाच्या घरातला साप खाली आणी. शेवटी मोक्ष. ज्ञानेश्वरांनीच तो रचला, ही परंपरेची श्रद्धा आहे. आज उपलब्ध असलेले पट त्यांच्यानंतर कित्येक शतकांचे आहेत. असे पट जैन आणि सूफी परंपरांतही होते. इंग्रजांनी हा खेळ मायदेशी नेला आणि हळूहळू घरांवरची नावं पुसली गेली. उरले फक्त साप आणि शिड्या.

या पटाची एक मर्यादाही आहे. पाऊल कुठे पडणार, हे कवड्या ठरवतात, खेळाडू नाही. रोलप्लेइंग गेममध्ये निवड तुमची असते. पण पटावर कुणी जन्मतः साप नसतो. सगळ्या सोंगट्या खालूनच निघतात आणि सापाने गिळलेल्यालाही पुन्हा चढता येतं.

गंगाखेडशी नातं काय?

पैठणहून निघालेली गोदावरी पुढे गंगाखेडला येते. हे संत जनाबाईंचं गाव. पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबलेल्या जनाबाईंनी ज्ञानेश्वरांना सखा मानलं. त्यांच्या एका अभंगात विठ्ठल लेकुरवाळा आहे. त्याच्यासोबत वाळीत पडलेला ज्ञानेश्वर आहे, गोरा कुंभार आहे आणि ज्याला देवळात प्रवेश नव्हता, तो चोखामेळाही आहे. जन्मावरून कुणालाच तिथे दूर ठेवलेलं नाही.