रुग्णानेच पसरलेली झोळी

पावणे-तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात वर्गणी मागायला निघालेल्या कार्यकर्त्याला देवळाच्या सभामंडपासाठी पैसे मिळतात, शाळेच्या खोल्यांसाठी मिळतात, डायलिसिसच्या यंत्रासाठीही मिळतात. पण मानसिक आरोग्य केंद्राचे छत गळते आहे, समुपदेशनाची खोली नीट करायची आहे, असे सांगून पावतीपुस्तक पुढे केले तर समोरचा माणूस घुटमळतो. हृदयरोगाच्या वॉर्डावर वडिलांचे नाव लावायला माणूस अभिमानाने तयार होतो. मनोरुग्णांच्या वॉर्डावर मात्र ते नको असते. आजाराची लाज उपचारांच्या तिजोरीपर्यंत पोहोचते ती अशी.

ही अडचण आजची नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत एका माणसाने ती पुरती अनुभवली आणि तिच्याशी झगडण्यात आयुष्य घालवले. तो डॉक्टर नव्हता की कोट्यधीश नव्हता. तो मनोरुग्णालयातून बाहेर पडलेला रुग्ण होता. त्याचे नाव क्लिफर्ड बिअर्स.

बिअर्स यांचा जन्म ३० मार्च १८७६ रोजी कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरात झाला. १८९४ मध्ये त्यांच्या मोठ्या भावाला अपस्माराचे झटके येऊ लागले. हाच आजार आपल्यालाही होणार, या भीतीने तरुण क्लिफर्डच्या मनात घर केले. येल विद्यापीठातून १८९७ मध्ये पदवी घेऊन त्यांनी नोकरी धरली, पण भीती सुटली नाही. जून १९०० मध्ये नैराश्याच्या भरात त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. पायांना गंभीर दुखापत झाली, जीव वाचला. त्यानंतरची तीन वर्षे मनोरुग्णालयांत गेली.

या तीन वर्षांत त्यांनी तीन प्रकारची रुग्णालये पाहिली: नफ्यासाठी चालवलेले एक खासगी, धर्मादाय निधीवरचे दुसरे आणि सरकारी तिसरे. सुरुवातीला ते अबोल होते. भेटायला येणारे नातेवाईक खरे नसून त्यांचे सोंग घेतलेले गुप्तहेर आहेत, असा त्यांचा पक्का समज होता. १९०२ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतःच त्याची परीक्षा घेतली. भावाला चोरून एक पत्र पाठवले आणि येताना तेच पत्र ओळखीसाठी सोबत आणायला सांगितले. भाऊ पत्र घेऊन आला आणि दोन वर्षांचा भ्रम एका क्षणात ओसरला. पण लगेच मन दुसऱ्या टोकाला गेले. उत्साह आवरेना, झोप येईना, कागदांची भेंडोळी लिहून होऊ लागली. आज ज्याला बायपोलर म्हणजे द्विध्रुवी विकार म्हणतात, त्याच्याशी हे वर्णन बरेचसे जुळते.

उन्मादाच्या त्या काळात त्यांना हातपाय जखडणाऱ्या जाकिटात रात्रीमागून रात्री ठेवले गेले. थंडीच्या दिवसांत पुरेशा कपड्यांविना कोठडीत डांबले गेले, परिचरांची मारहाणही झाली. ते परिचर अल्प पगारावरचे आणि कसलेही प्रशिक्षण नसलेले होते. यातून बिअर्स यांच्या लक्षात एक गोष्ट आली. दुष्ट माणसे सगळीकडे असतात, पण इथल्या हालअपेष्टांचे मोठे कारण कमी माणसे, अपुरा पैसा आणि बाहेरच्यांची नजर नसणे हे आहे. त्यांनी राज्याच्या गव्हर्नरांना लांबलचक तक्रारपत्र लिहिले आणि ते गुपचूप बाहेर पोहोचवले.

सप्टेंबर १९०३ मध्ये त्यांना घरी सोडण्यात आले. ते पुन्हा नोकरीला लागले. बांधकाम आणि सजावटीची कामे करणाऱ्या एका कंपनीसाठी गिऱ्हाइके गाठण्याचे, त्यांना पटवण्याचे ते काम होते. पुढे देणगीदार गाठताना हा अनुभव उपयोगी पडला. मात्र मनोरुग्णालयांत सुधारणा घडवायची, हा विचार डोक्यातून जात नव्हता. पुस्तक लिहायच्या भरात पुन्हा उत्साहाचा अतिरेक होऊ लागल्यावर १९०५ च्या सुरुवातीला ते आपणहून काही आठवडे रुग्णालयात दाखल झाले. आपल्या आजाराची पूर्वसूचना ओळखून वेळीच मदत घेण्याचे हे उदाहरण आजही रुग्णांना सांगण्यासारखे आहे.

हस्तलिखित त्यांनी प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांना पाठवले. जेम्स प्रभावित झाले आणि त्यांच्या पत्राने पुस्तकाला वजन आले. मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅडॉल्फ मायर यांनी मजकूर वाचून सूचना केल्या आणि चळवळीला ‘मेंटल हायजीन’, म्हणजे मानसिक आरोग्यरक्षण, हे नाव सुचवले. ‘ए माइंड दॅट फाउंड इटसेल्फ’ हे आत्मकथन मार्च १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतःच्या नावानिशी आपल्या वेडाची हकीकत छापणे त्या काळी मोठे धाडस होते. नोकरी, लग्न, समाजातली पत, सगळेच पणाला लागत होते.

मे १९०८ मध्ये न्यू हेवनला कनेक्टिकटची संस्था स्थापन झाली. फेब्रुवारी १९०९ मध्ये न्यूयॉर्कला राष्ट्रीय समिती उभी राहिली. कागदावर नावे मोठी होती: विद्यापीठांचे प्रमुख, डॉक्टर, समाजसेवक. तिजोरी मात्र रिकामी होती. जेम्स यांनी तेलसम्राट रॉकफेलर यांनाही मदतीसाठी पत्र लिहिले, पण तिथून लगेच काही हाती आले नाही. श्रीमंतांच्या भेटी ठरत, कौतुक होई, पुस्तक ठेवून घेतले जाई आणि धनादेश येत नसे. दरम्यान बिअर्स उसनवारीवर दिवस काढत होते. संस्थेचा प्रवास, टपाल, कार्यालय यांच्या खर्चापायी त्यांच्यावर हजारो डॉलरचे कर्ज झाले.

याच काळात मायर आणि त्यांच्यात मतभेद झाले. मायर यांना वाटे, आधी एका भागात नीट काम उभे करावे, घरोघरची गरज समजून घ्यावी, मग विस्तार करावा. बिअर्स यांना राष्ट्रीय पातळीवरची मोठी संस्था आणि मोठा निधी हवा होता. मायर समितीतून बाहेर पडले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. पैशाशिवाय काम होत नाही आणि काम दिसल्याशिवाय पैसा येत नाही, हे कोडे अशा प्रत्येक संस्थेला आजही सोडवावे लागते.

कोंडी फुटली ती हेन्री फिप्स यांच्यामुळे. पोलादसम्राट कार्नेगी यांचे हे भागीदार भारताला अगदीच परके नाहीत. लॉर्ड कर्झन यांच्याकडे त्यांनी दिलेल्या देणगीतून बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेला आणि कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटला मदत झाली होती. क्षयरोगाच्या उपचारांसाठी ते आधीपासून पैसे देत होते. १९०८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाला पुढे कशासाठी मदत हवी, असे त्यांनी विचारले. तेव्हा तिथले ज्येष्ठ डॉक्टर विल्यम वेल्च यांनी त्यांच्या हाती बिअर्स यांचे पुस्तक दिले. थोड्याच काळात फिप्स यांनी तिथल्या मानसोपचार विभागाच्या इमारतीसाठी मोठी देणगी जाहीर केली. पुढे १९११ च्या सुमारास राष्ट्रीय समितीला त्यांनी ५० हजार डॉलर देऊ केले आणि समितीला श्वास घेता आला. १९१२ मध्ये डॉ. थॉमस सॅमन समितीच्या कामात आले. त्यांच्या वेतनाचा भार पुढे रॉकफेलर फाउंडेशनने उचलला.

पैसा आल्यावर समितीने सर्वेक्षणे केली. किती मनोरुग्ण तुरुंगांत आणि गरिबांच्या निवाऱ्यांत कोंबले आहेत, हे आकड्यांनी दाखवून राज्यांकडे सुधारणांची मागणी केली. पण या सगळ्यात महत्त्वाचे पाऊल त्या मानाने छोटे होते. १९१३ मध्ये न्यू हेवनला बाह्यरुग्ण केंद्र सुरू झाले. अमेरिकेतल्या अशा पहिल्या केंद्रांत त्याची गणना होते. दाखल न होता, घर आणि काम न सोडता, साध्या दवाखान्यासारखे येऊन उपचार घ्यायचे. आज ज्याला समुदाय मानसिक आरोग्य केंद्र म्हणतात, त्याचे बीज इथे आहे. पुढच्या दशकात याच चळवळीतून मुलांसाठी बालमार्गदर्शन केंद्रे निघाली. ती कल्पना मुंबईतही आली आणि १९३७ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले.

मे १९३० मध्ये वॉशिंग्टनला मानसिक आरोग्याची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि जगभरच्या देशांतून प्रतिनिधी आले. बिअर्स यांच्या आयुष्यातला हा सर्वोच्च क्षण. मात्र तोवर देश महामंदीत सापडला होता आणि देणग्या आटत चालल्या होत्या. पुन्हा पत्रे, पुन्हा भेटी, पुन्हा नकार.

या चळवळीच्या उणिवाही सांगायला हव्यात. डॉक्टर आणि देणगीदार यांना सांभाळताना रुग्णांवरच्या अत्याचाराचा मूळ प्रश्न हळूहळू मागे पडला. चळवळीतले काही जण मनोरुग्णांच्या सक्तीच्या नसबंदीसारख्या अन्याय्य कल्पनांकडेही ओढले गेले. ज्याच्या पैशावर संस्था चालते त्याला न दुखावण्याची सवय लागली, की ज्याच्यासाठी ती काढली त्याचा आवाज क्षीण होतो.

बिअर्स यांच्या घरावर आजाराची सावली कायम राहिली. त्यांचे दोन भाऊ मानसिक आजाराने गेले. स्वतः १९३९ मध्ये निवृत्त झाल्यावर नैराश्याने पुन्हा गाठले आणि ते आपणहून प्रॉव्हिडन्स शहरातल्या बटलर रुग्णालयात दाखल झाले. तिथेच ९ जुलै १९४३ रोजी त्यांचे निधन झाले.

ते रुग्णालयही वर्गणीतूनच उभे राहिले होते. त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी डोरोथिया डिक्स या शिक्षिकेच्या आग्रहामुळे सायरस बटलर नावाच्या धनिकाने ४० हजार डॉलर देऊ केले, पण एक अट घातली: तेवढीच रक्कम इतरांनी जमवावी. लोकांनी ती जमवली. निधी गोळा करणाऱ्यांसाठी ही युक्ती आजही कामाची आहे. मोठा दाता एकटा पुरत नाही. गावाचाही वाटा पडला की केंद्र गावाचे होते.

भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांमधून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. त्यामुळे खर्चाची पहिली जबाबदारी सरकारची. पण बसायला बाक, आडोसा असलेली खोली, औषधे ठेवायला कपाट, पावसाळ्यात कोरडी राहणारी जागा अशा गोष्टी गावाच्या आणि कारखान्यांच्या मदतीने लवकर होतात. त्यांची किंमत रुग्णाला कळते. गळक्या, अंधाऱ्या खोलीत बोलावलेल्या माणसाला आपल्या आजाराची लाज अधिकच वाटते आणि तो दुसऱ्यांदा येत नाही. औषध अर्ध्यावर सुटते, आजार उलटतो आणि मग ठाण्याच्या मनोरुग्णालयात दाखल करण्याची वेळ येते. जवळचे छोटे केंद्र नीट चालले तर यातले बरेचसे टळते.

स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, झोप उडाली असेल, विनाकारण संशय वाढला असेल, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मराठीतून बोलता येते. जवळच्या सरकारी रुग्णालयातही विचारणा करावी.

न्यू हेवनचे ते केंद्र बिअर्स यांच्या नावाने आजही सुरू आहे. तिथे मुले येतात, त्यांचे आईवडील येतात आणि उपचार घेऊन संध्याकाळी आपापल्या घरी परततात.