उन्हातली पाने आणि डॉक्टर इंगेनहाउझ

मुलांनो, शाळेत तुम्ही फोटोसिंथेसिस शिकता. मराठीत त्याला प्रकाशसंश्लेषण म्हणतात. संश्लेषण म्हणजे जोडून नवे काही तयार करणे. पण झाडांच्या या कामाला उजेड लागतो, हे शोधले कोणी? एका डॉक्टरने! त्यांची गोष्ट आज आपण वाचू या.

यान इंगेनहाउझ यांचा जन्म ८ डिसेंबर १७३० रोजी नेदरलँड्समधील ब्रेडा या गावी झाला. डॉक्टर होऊन काही वर्षे त्यांनी गावातच रोगी तपासले आणि मग ते इंग्लंडला गेले. त्या काळी देवीच्या साथीत घरेच्या घरे ओस पडत. सौम्य आजार झालेल्या रोग्याच्या फोडातील लस निरोगी माणसाला टोचायची, हा त्यावरचा उपाय होता. त्यात धोकाही होता. जेन्नर यांची सुरक्षित लस १७९६ साली आली. इंगेनहाउझ या कामात तरबेज होते. व्हिएन्नाच्या महाराणी मारिया थेरेसा यांची काही मुले देवीने दगावली होती. १७६८ साली त्यांनी इंगेनहाउझ यांना बोलावून राजघराण्यातील मुलांना देवी टोचून घेतल्या. मुले सुखरूप राहिली. डॉक्टरांना राजवैद्याचे पद आणि आयुष्यभराचे वेतन मिळाले.

आता आरामात बसायला हरकत नव्हती. पण त्यांना एक कोडे सुटत नव्हते. इंग्लंडमधील जोसेफ प्रीस्टली यांनी १७७१ साली बंद भांड्यात मेणबत्ती विझू दिली आणि आत पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळली! झाडाने हवा सुधारली होती. मात्र इतरांनी, आणि पुढे खुद्द प्रीस्टलींनीही, प्रयोग करून पाहिला, तेव्हा कधी हवा सुधारे, तर कधी उलट बिघडे.

आम्हा पालकांपैकी बरेच जण संगणकावर काम करतात. प्रोग्रॅम कधी चालतो, कधी अडतो, तेव्हा आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहतो. इंगेनहाउझ यांनी नेमके हेच केले. १७७९ च्या उन्हाळ्यात लंडनजवळ एक घर घेऊन त्यांनी तीन महिन्यांत पाचशेहून जास्त प्रयोग केले. पाण्यात बुडवलेली पाने उन्हात ठेवली, की त्यांवर बुडबुडे येत. अंधारात ते थांबत. तो वायू मेणबत्तीची ज्योत प्रखर करी. आज आपण त्याला ऑक्सिजन म्हणतो. मग पुढचा प्रश्न: हे काम उन्हाच्या उबेचे की उजेडाचे? अंधारात नुसती ऊब देऊन भागले नाही, म्हणजे उजेडाचेच! शिवाय हे काम फक्त हिरवे भाग करतात. मुळे आणि फुले करत नाहीत. अंधारात तर अख्खे झाडच आपल्यासारखी हवा बिघडवते. कोडे सुटले! त्याच वर्षी त्यांचे पुस्तक निघाले.

आज आपल्याला ठाऊक आहे, की पानातील हरितद्रव्य उजेड शोषते, त्या शक्तीवर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर बनते आणि पाण्यातील ऑक्सिजन बाहेर पडतो. आपल्या ताटातील भात, पोळी आणि गूळ, सगळे याच कारखान्यातून येते.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या धामधुमीत इंगेनहाउझ यांना व्हिएन्नाला, पत्नीकडे, परतता आले नाही. ७ सप्टेंबर १७९९ रोजी इंग्लंडमधील बोवुड येथे त्यांचे निधन झाले. १७७४ साली प्रीस्टली यांनी ऑक्सिजन वेगळा केला होता, तो याच वाड्यात!

मुलांनो, या शनिवारी तीन ग्लास पाण्याने भरा. दोघांत एकेक ताजे हिरवे पान बुडवा. त्यांतला एक उन्हात ठेवा, दुसरा कपाटात. तिसरा ग्लास पानाशिवाय उन्हात ठेवा. तिसरा कशाला, हे आई-बाबांना न विचारता ओळखा. तासाभराने बुडबुडे पाहा आणि पुढच्या वर्गात काय दिसले ते मराठीतून सांगा.