प्रयोगशाळेतून गावाच्या वाटेला लागलेल्या शास्त्रज्ञ : डॉ. कमल रणदिवे

यवतमाळ : छातीत गाठ हाताला लागली तरी गावातली बाई ती लवकर कुणाला सांगत नाही. दुखत नाही ना, मग राहू दे. कापसाची वेचणी उरकू दे, पोरीचं लगीन होऊन जाऊ दे, असं करता करता वर्ष निघून जातं. त्यात कुणी सांगतं की हा रोग शिवाशिवीनं होतो, कुणी सांगतं की नशिबाचा भोग आहे. शेवटी धामणगाव नाहीतर वर्ध्याहून रेल्वे धरून मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलात जायची पाळी येते, तेव्हा उशीर झालेला असतो.

याच टाटा हॉस्पिटलच्या आवारात हा रोग नेमका होतो कसा, हे शोधण्यात एका मराठी बाईनं अख्खं आयुष्य घातलं. नाव डॉ. कमल जयसिंग रणदिवे. ८ नोव्हेंबर २०२१ ला त्यांच्या १०४ व्या जयंतीला गूगलनं त्यांचं चित्र पहिल्या पानावर लावलं होतं. अनेकांनी ते मोबाइलवर पाहिलं असेल, पण या बाई कोण, हे फार थोड्यांना ठाऊक होतं.

सीताफळाच्या झाडापासून सुरुवात

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्यातला. माहेरचं आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. मुलींना शिकवून काय करायचं, असं विचारणारा तो काळ. पण समर्थांच्या घरात मुलींच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. कमलताई हुजूरपागेत शिकल्या, मग फर्ग्युसनमध्ये गेल्या.

मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीनं दोन्ही केलं नाही. तिनं झाडं आणि प्राणी यांचा अभ्यास निवडला. १९३९ मध्ये त्यांचं लग्न झालं ते गणिताचे अभ्यासक ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी. लग्नानंतर शिक्षण थांबलं नाही, उलट नवऱ्याची साथच मिळाली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या. अभ्यासाचा विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं.

गुणसूत्र म्हणजे पेशीच्या आत असलेले बारीक धाग्यासारखे भाग. आईबापाचे गुण लेकरात येतात ते याच धाग्यांतून. झाड असो, उंदीर असो की माणूस, सगळ्यांचं शरीर पेशींचं बनलेलं आणि प्रत्येकाचा हिशेब या धाग्यांत लिहिलेला. म्हणून झाडाच्या पेशी वाचायला शिकलेली ही बाई पुढे माणसाच्या रोगाकडे वळू शकली. नावापुढचं डॉक्टर हे पीएच.डी.चं, त्या रोगी तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या.

खानोलकर सरांच्या हाताखाली

परळचं टाटा हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. रक्ताच्या कर्करोगानं गेलेल्या मेहेरबाई टाटा यांच्या आठवणीत उभं राहिलेलं. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे रोगनिदान शास्त्राचे मोठे जाणकार होते. लग्नानंतर मुंबईला आलेल्या कमलताई तिथे कामाला लागल्या. दिवसा काम आणि सोबत अभ्यास. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. त्यांना मिळाली.

शस्त्रक्रिया करून गाठ काढता येत होती. पण एकीला गाठ होते आणि शेजारणीला होत नाही, हे का, त्याचं उत्तर सर्जनकडे नव्हतं. ते शोधायला रणदिवे यांनी उंदीर घेतले.

उंदरांच्या काही जाती अशा असतात की त्यांच्या माद्यांना स्तनाचा कर्करोग हमखास होतो, काहींना क्वचितच. रणदिवे यांनी अशा वेगवेगळ्या जातींच्या माद्यांच्या स्तनग्रंथी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. वर्षानुवर्षांच्या कामातून तीन गोष्टी पुढे आल्या. एक, वंशातून येणारा कल. दोन, शरीरातली संप्रेरकं, म्हणजे हार्मोन. तीन, उंदरांमध्ये आढळणारा एक विषाणू. या तिन्हींचा एकमेकांशी संबंध त्यांनी तपासला. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचं नातं मांडणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. माणसात हा धोका वाढवणारं बीआरसीए-१ हे जनुक सापडलं ते थेट १९९४ मध्ये.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. उंदरांमधला तो विषाणू आईच्या दुधातून पिल्लाकडे जातो. माणसात तसं होतं, असं सिद्ध झालेलं नाही. उलट बाळाला अंगावर पाजल्यानं आईला स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. आणि आनुवंशिक म्हणजे शंभरातल्या साधारण पाच ते दहा रुग्णांतच. बाकीच्यांपैकी बहुतेकांच्या घरात आधी कुणालाच नसतो. म्हणून आपल्या घराण्यात नाही, असं म्हणून निर्धास्त राहणं चुकीचं. शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं तर हा रोग होतच नाही.

बाटलीतली रोपवाटिका

पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि कमलताई अमेरिकेत बाल्टिमोरला गेल्या, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी वाढवल्या गेल्या. त्या पेशी आजही जगभर प्रयोगांसाठी वापरल्या जातात.

शरीराबाहेर पेशी वाढवणं म्हणजे एक प्रकारची रोपवाटिकाच. काचेच्या भांड्यात पेशींना लागणारं खाद्य, शरीराइतकी ऊब आणि कमालीची स्वच्छता. एक जंतू आत शिरला की सगळी मेहनत मातीत. पण एकदा जमलं की रुग्णाला हात न लावता त्याच्या रोगावर शंभर प्रयोग करता येतात.

ही विद्या शिकून तिकडेच राहता आलं असतं. त्या परत आल्या. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी ऊती संवर्धनाची, म्हणजे पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. पेशींना लागणारं खाद्य आणि रसायनं सहकाऱ्यांना घेऊन इथंच बनवली. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी या केंद्राच्या प्रभारी संचालकपदाची धुरा सांभाळली. परदेशी गेलेल्या तरुण शास्त्रज्ञांनी परत यावं, यासाठी त्या आग्रही होत्या.

याच केंद्रात कुष्ठरोग्यांच्या शरीरातून वेगळा काढलेला एक जंतू वाढवण्याचं काम झालं. त्यावरचा शोधनिबंध १९५८ चा. बापट, रणदिवे आणि खानोलकर अशी तीन नावं त्यावर आहेत. पुढे त्या जंतूपासून कुष्ठरोगावरची लस तयार झाली. वणीपासून जवळच असलेलं वरोऱ्याचं आनंदवन ज्यांनी पाहिलंय, त्यांना या कामाचं मोल वेगळं सांगायला नको. १९८२ मध्ये सरकारनं रणदिवे यांना पद्मभूषण दिलं.

सुपारीचा हिशेब

यवतमाळच्या वाचकांनी रणदिवे यांचं आणखी एक काम ध्यानात ठेवावं. तंबाखू वाईट, हे बरेच जण कबूल करतात. पण नुसत्या सुपारीनं काय होतंय, असं म्हणणारे चिक्कार. रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपारी आणि तंबाखूचे अर्क काढून उंदीर आणि हॅमस्टर या प्राण्यांवर प्रयोग केले. हॅमस्टरच्या गालात पिशवीसारखी जागा असते, माणूस गालात पुडी धरतो तशी. १९७६ मध्ये हे संशोधन आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आलं. सुपारीकडे निरुपद्रवी म्हणून पाहता येणार नाही, हे अशा अभ्यासांतून पुढे येत गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ च्या अहवालात सुपारी स्वतःच कर्करोगाला कारण होते, असा निर्वाळा दिला.

आपल्याकडचा खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना. पानठेल्यावर घोटून मिळणाऱ्या पुडीत हे सगळं एकत्र असतं. खर्रा खाणारे आता बाप्येच राहिले नाहीत, पोरं आणि बायाही आहेत.

वाड्या-पाड्यांवर

रणदिवे यांनी १९७३ मध्ये अकरा सहकाऱ्यांसोबत भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना काढली. नोकरी करणाऱ्या बाईला लेकरू कुठं ठेवावं, राहावं कुठं, हे प्रश्न त्यांना माहीत होते. या संघटनेनं नवी मुंबईत वाशीला वसतिगृह आणि पाळणाघर चालवलं.

उतारवयात त्यांची पावलं खेड्याकडे वळली. अकोले तालुक्यातल्या राजूर भागात, विदर्भातलं अकोला नव्हे, तेव्हाच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला डोंगराळ आदिवासी तालुका, त्यांनी सत्यनिकेतन या संस्थेसोबत आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. गावातल्याच बायांना आरोग्याचं शिक्षण देऊन आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याचं काम त्यांनी हाती घेतलं. सूक्ष्मदर्शकाखाली आयुष्य गेलेली, पद्मभूषण मिळालेली बाई बायांमध्ये बसून आहाराचा आणि स्वच्छतेचा विचार करू लागली. प्रयोगशाळेत कळलेलं ज्ञान ज्या बाईला लागतं, ती हॉस्पिटलच्या पायरीपर्यंत येत नाही. मग तिच्याच गावातली बाई शिकवायची, हा साधा हिशेब होता. २००१ मध्ये कमल रणदिवे गेल्या.

हा हिशेब बरोबर होता का, याचं उत्तर पुढे टाटा हॉस्पिटलच्याच एका मोठ्या अभ्यासानं दिलं. १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखांवर बायांना त्यात घेतलं. निम्म्या बायांची स्तनाची तपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केली. मशीन नाही, सुई नाही, नुसता हात. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. तपासलेल्या बायांत रोग लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायांत या रोगानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले.

आपल्या गावात काय करायचं

तीस वर्षांपुढच्या माणसांची तोंडाच्या कर्करोगाची, आणि बायांची सोबत स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात करण्याची सोय आहे. गावातल्या आशाताईला विचारलं तर ती वार आणि जागा सांगेल.

स्तनात किंवा काखेत न दुखणारी गाठ, कातडीला पडलेली खळी, आत ओढलं गेलेलं बोंड किंवा त्यातून येणारं रक्त, यातलं काही दिसलं तर पाळी येऊन जाण्याची किंवा हंगाम संपण्याची वाट न बघता दाखवावं. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते डॉक्टरनं ठरवायचं. तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवडे छाला भरत नसेल किंवा तोंड उघडेनासं झालं असेल, तर खर्रा बंद आणि दवाखाना गाठायचा.

यवतमाळचं वसंतराव नाईक सरकारी मेडिकल, सेवाग्रामचा कस्तुरबा दवाखाना, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल ही ठिकाणं परळपेक्षा जवळ आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावं. गाठ लहान असताना बाई दवाखान्यात पोचली तर कित्येकदा स्तन वाचवून शस्त्रक्रिया करता येते, आणि ती बाई पुन्हा घरी येऊन कामाला लागते.