गॉल्टनच्या प्रश्नावलीतील माणसे

सहसंबंधाचा धडा शिकविताना फ्रान्सिस गॉल्टनचे नाव आम्ही प्राध्यापक मंडळी एका वाक्यात उरकून टाकतो. १८८८ साली त्याने ही कल्पना मांडली, एवढे सांगितले की परीक्षेपुरते काम भागते. पण त्याआधी आठ वर्षे हा मनुष्य एका निराळ्याच उद्योगात गढला होता.

१८२२ साली बर्मिंगहॅमजवळ एका सधन घरात तो जन्मला. चार्ल्स डार्विन त्याचा सावत्र नात्याने मामेभाऊ. वडिलार्जित संपत्तीमुळे पोटापाण्याची चिंता नव्हती. आफ्रिकेचा प्रवास, हवामानाचे नकाशे, बोटांचे ठसे, जे दिसेल ते मोजावे असा त्याचा स्वभाव. १८८० च्या सुमारास त्याने माणसांची मने मोजावयास घेतली. सकाळच्या न्याहारीचे टेबल डोळ्यांपुढे आणा आणि ते किती स्पष्ट दिसते ते कळवा, अशी प्रश्नावली त्याने अनेकांकडे धाडली. पुष्कळ शास्त्रज्ञांनी उलट टपाली कळविले की, असे काही दिसत नसते, ही केवळ बोलण्याची रीत आहे. इतरांना मात्र ते टेबल रंगांसह लख्ख दिसत होते.

या पत्रव्यवहारातून विलक्षण माणसे पुढे आली. कुणाला एकपासून पुढचे आकडे अवकाशात ठरलेल्या वाटेने मांडलेले दिसत; ती वाट पुष्कळदा बारापाशी वळे. कुणाला प्रत्येक अक्षराला स्वतःचा रंग होता. हे रंग बालपणापासूनचे, न बदलणारे. सर्वांनाच असे दिसते, अशी यांतील कित्येकांची समजूत होती. ती खोटी ठरली की चेष्टेच्या भयाने मनुष्य गप्प बसे. ऐकणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून गॉल्टनने लंडनच्या मानववंशशास्त्र संस्थेच्या सभेत वकील, पाद्री, शास्त्रज्ञ अशी प्रतिष्ठित मंडळी साक्षीदार म्हणून उभी केली. पुढे १८९४ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, वासांच्या साहाय्याने बेरीज करण्याचा प्रयोग त्याने स्वतःवरच केला. पेपरमिंटचे दोन झोत म्हणजे कापराचा एक, असा त्याचा हिशेब होता. बेरीज-वजाबाकी साधली; गुणाकाराच्या वाटेला तो गेला नाही.

वासांचा प्रयोग सोडता हे सारे त्याच्या १८८३ च्या ग्रंथात आले. आणि त्याच ग्रंथात सुप्रजाजननशास्त्र हा शब्दही त्याने प्रथम योजला, ही गोष्ट माझ्या मनाला फार लागते. माणसे आतून किती निराळी असतात हे ज्याने जगाला पटवून दिले, त्यानेच त्यांची प्रतवारी लावून श्रेष्ठांची पैदास वाढवावी असा आग्रह धरला. अमेरिकेतील इंडियाना राज्याने १९०७ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला तेव्हा गॉल्टन हयात होता. १९११ साली तो निवर्तला. जर्मनीतला १९३३ चा कायदा त्याला पाहावा लागला नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०२० साली आपल्या एका व्याख्यानगृहाला दिलेले त्याचे नाव काढून टाकले, ते मला योग्यच वाटते.

त्याने ज्यांना बोलते केले ती माणसे मात्र विसरली गेली. अंतर्मनाच्या साक्षीला शास्त्रात पत उरली नाही, आणि १९८० नंतरच्या दशकांत चाचण्यांनी या अनुभवांचे सातत्य सिद्ध होईपर्यंत हा विषय जवळजवळ अडगळीत पडला होता. आज यालाच सिनेस्थेशिया म्हणतात. तो रोग मानला जात नाही.

गेल्या वर्षी सहसंबंधाच्या तासाला मी गॉल्टनचाच प्रश्न वर्गाला विचारला. मागच्या बाकावरचा एक हात वर आला आणि शेजारणी हसताच खाली गेला. तास संपल्यावर ती मुलगी फळ्याजवळ आली आणि खडूने तिने आपल्या आकड्यांची वाट काढून दाखविली. तीसपर्यंत, म्हणजे पाढे संपतात तिथवर, ती सरळ होती. पुढे डावीकडे वळून चढत गेली होती.