स्वतःच्या कण्यात सुई टोचून घेणारा शल्यविशारद : ऑगस्ट बीअर

खुब्याचा झिजलेला सांधा काढून कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया आता आपल्याकडे नवलाची राहिलेली नाही. तरीही, रुग्णाला पूर्ण बेशुद्ध न करता कमरेत इंजेक्शन देऊन केवळ खालचा भाग बधिर केला जाईल, असे भूलतज्ज्ञाने सांगितले की घरातली मंडळी चपापतात. हाडावर करवत चालत असताना माणूस जागा राहणार, ही कल्पनाच सोसवत नाही. सुई पाठीच्या कण्यात जाणार, हे भय तर त्याहून मोठे. सव्वाशे वर्षांपूर्वी एका जर्मन शल्यविशारदाने या शंकेचे उत्तर शोधण्यासाठी स्वतःचीच पाठ पुढे केली होती. त्याचे नाव ऑगस्ट बीअर.

बीअर यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८६१ रोजी जर्मनीतील वाल्डेक संस्थानातल्या हेल्सेन या गावी झाला. वैद्यकीय शिक्षणानंतर ते कील येथे फ्रीड्रिश फॉन एस्मार्क यांच्या हाताखाली सहायक म्हणून रुजू झाले. हातापायाला घट्ट पट्टी गुंडाळून, त्यातले रक्त मागे सारून शस्त्रक्रिया करण्याची एस्मार्क यांची पद्धत तेव्हा विख्यात होती. गुरूकडून घेतलेला हा धडा शिष्याच्या पुढे फार उपयोगी पडला.

त्या काळी मोठी शस्त्रक्रिया म्हणजे इथर किंवा क्लोरोफॉर्म हुंगवून रुग्णाला बेशुद्ध करणे. १८४० च्या दशकात आलेल्या या भुलीने शस्त्रक्रियेतील यातना संपविल्या खऱ्या, पण अशक्त रुग्णाला ती झेपत नसे. काहींचा श्वास किंवा हृदय मेजावरच थांबे, तर काहींना शुद्धीवर आल्यावर दीर्घकाळ उलट्या होत. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखविला आणि वेगळी वाट दिसू लागली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या लिओनार्ड कॉर्निंग यांनी मणक्यांच्या फटीत कोकेन टोचून पाहिले. १८९१ मध्ये कीलमध्येच हाइनरिश क्विंके यांनी कमरेच्या मणक्यांमधून पोकळ सुई घालून मज्जारज्जूभोवतीचा द्रव काढण्याची रीत प्रसिद्ध केली.

क्विंके यांची सुई आणि कोलर यांचे कोकेन बीअर यांनी एकत्र आणले. १६ ऑगस्ट १८९८ रोजी त्यांनी एका ३४ वर्षांच्या मजुराच्या कमरेत १५ मिलिग्रॅम कोकेन टोचले. त्याच्या घोट्याच्या सांध्याला क्षयाची बाधा झाली होती आणि पूर्वीच्या शस्त्रक्रियांत पूर्ण भुलीचा त्याला अतोनात त्रास झाला होता. या वेळी शस्त्रक्रिया वेदनेविना पार पडली. मात्र काही तासांनी पाठ आणि डोके दुखू लागले, उलट्या झाल्या. त्यानंतरच्या रुग्णांतही अशाच तक्रारी दिसल्या.

पद्धत यशस्वी ठरली असे जाहीर करून बीअर यांना मोकळे होता आले असते. पण दुखणे नेमके कशाचे, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. २४ ऑगस्टच्या संध्याकाळी त्यांनी आपले सहायक ऑगस्ट हिल्डेब्रांट यांना स्वतःच्या कमरेत सुई घालण्यास सांगितले. सुई नीट गेली, पण सिरिंज तिच्यावर घट्ट बसेना. जोडातून औषध वाया गेले आणि कण्यातला बराच द्रवही वाहून गेला. तेव्हा हिल्डेब्रांट स्वतः पुढे झाले. त्यांना केवळ ५ मिलिग्रॅम कोकेन दिले गेले आणि काही मिनिटांतच पाय बधिर झाले. बीअर यांनी मांडीत हाडापर्यंत सुई खुपसली, जळती सिगार टेकवली, नडगीवर लोखंडी हातोडी मारली. हिल्डेब्रांट यांना यातले काहीच दुखले नाही. सुमारे पाऊण तासाने संवेदना परतल्या. मग दोघांनी जेवण केले, मद्य घेतले, सिगार ओढल्या.

त्याची किंमत दुसऱ्या दिवसापासून चुकती करावी लागली. हिल्डेब्रांट यांना डोकेदुखी, उलट्या आणि ठेचलेल्या पायांच्या वेदनांनी गाठले. बीअर यांचे डोके उभे राहताच असह्य दुखे आणि आडवे झाले की थांबे. हा त्रास नऊ दिवस चालला. आपल्या शरीरात तर कोकेन जवळजवळ गेलेच नव्हते, मग दुखणे कण्यातला द्रव गळाल्यामुळे असावे, अशी शंका त्यांना आली. ती रास्त ठरली. आज अतिशय बारीक सुया वापरतात त्या याचसाठी; छिद्र लहान, तर गळती कमी. सुईच्या भयाचे उत्तरही शरीररचनेतच आहे. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशी संपतो आणि सुई त्याच्या खालच्या फटीत घातली जाते.

१८९९ साली बीअर यांनी हे सारे प्रसिद्ध केले, तेव्हा स्वतःच्या त्रासाचा तपशील दडविला नाही. कोकेनचे दुष्परिणाम पाहता या पद्धतीचा सरसकट वापर करण्याची त्यांना घाई नव्हती. अन्यत्र मात्र तिचा झपाट्याने प्रसार झाला. पुढे १९०५ च्या सुमारास नोव्होकेनसारखी कमी विषारी औषधे हाती आली आणि तिचा पाया भक्कम झाला.

बीअर ग्राइफ्सवाल्ड आणि बॉन येथे प्राध्यापक झाले आणि १९०७ मध्ये बर्लिनला आले. तेथे १९०८ साली त्यांनी हाताच्या शिरेत औषध सोडून, आवळपट्टी बांधून केवळ तो हात बधिर करण्याची पद्धत मांडली. एस्मार्क यांच्या पट्टीचा धडा येथे कामी आला. ही पद्धत आजही बीअर यांच्याच नावाने ओळखली जाते. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या डोक्यातील जखमा पाहून त्यांनी पोलादी शिरस्त्राणाचा आग्रह धरला आणि अभियंते फ्रीड्रिश श्वेर्ड यांच्या सहकार्याने ते घडले.

त्यांचे चरित्र डागविरहित मात्र नाही. ज्या सहायकाने आपले शरीर प्रयोगाला दिले, त्याचे नाव सहलेखक म्हणून त्या लेखावर नव्हते. पुढे हिल्डेब्रांट त्यांचे विरोधक बनले आणि या शोधाचे श्रेय कॉर्निंग यांना द्यावे, असे प्रतिपादू लागले. नाझी राजवटीने दिलेला १९३७ चा राष्ट्रीय पुरस्कारही बीअर यांनी स्वीकारला. वैद्यकातील त्यांच्या थोरवीबरोबर या गोष्टींचीही नोंद ठेवणे भाग आहे.

उत्तरायुष्यात त्यांचा जीव रमला तो बर्लिनच्या आग्नेयेस असलेल्या झाउएन या गावी. तेथील रेताड जमिनीवर केवळ पाइनची झाडे होती. बीअर यांनी तेथे विविध जातींचे वृक्ष लावून मिश्र वन उभे केले. १२ मार्च १९४९ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले आणि त्याच वनात त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

जॉन चार्नली यांनी इंग्लंडमध्ये खुब्याच्या कृत्रिम सांध्याला आधुनिक रूप दिले ते १९६२ च्या सुमारास, म्हणजे बीअर यांच्या मृत्यूनंतर. या दोन शोधांची गाठ आज शस्त्रक्रियागृहात रोज पडते. पाय वेदनारहित राहतात, श्वास स्वतःचा स्वतः चालतो आणि वृद्ध रुग्णाची शुद्ध हरपत नाही. हवी असल्यास झोपेची हलकी मात्रा दिली जाते. शस्त्रक्रियेनंतर उठून बसताच डोके दुखू लागले तर लगेच सांगा, अशी सूचना डॉक्टर आवर्जून करतात. ती हलक्यात घेऊ नये. त्या डोकेदुखीचे पहिले टिपण बीअर यांनी स्वतः सोसून केलेले आहे.